बिनदाण्याचे घोडे

घोडा म्हटला की दाणा आला, वैरण आली, पाणी आले, नाल आला आणि पाठोपाठ मोतद्दारही आला. आपल्या जुन्या दप्तरांतून घोड्याचे दर्शन घडते ते बहुधा असे खर्चाच्या लवाजम्यासकटच. सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, ही उतरंड पुष्कळांना ठाऊक असते. पण पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा, ही बाब तो विसरत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते. चिपळूणजवळच्या दळवटणे येथे छावणी करून राहिलेल्या लष्करी अंमलदारांना शिवाजीमहाराजांनी धाडलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. हाताशी दाणा-वैरण आहे म्हणून आताच उधळाल, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग शिपाई रयतेच्या घरात शिरून भाकरी-दाणे ओढून आणतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटू लागेल, असा त्या पत्राचा आशय आहे. घोड्याच्या तोबऱ्यापासून निघालेला विचार राज्याच्या नीतीपर्यंत जाऊन पोहोचला आहे!

आज मला ज्या घोड्यांचा इतिहास सांगायचा आहे त्यांना तोबरा नाही, नाल नाही आणि पखालजीही नाही. हे घोडे संगणकाच्या पडद्यावर धावतात. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक मुलखात एकाच वेळी वावरतात, असे हे खेळ आहेत. प्रत्येक जण काही एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपल्या दशावतारी मंडळींची रात्र संपली की सोंग उतरते. येथे मात्र ते वर्षानुवर्षे चालू राहते, आणि आपण झोपी गेलो तरी तो मुलूख जागाच असतो. मुलूख मोठा म्हणजे चाल फार, आणि चाल फार म्हणजे वाहन हवे. माझी नात ह्या मुलखांतली जुनी प्रवासी आहे. तिच्या शेजारी बसून मी ही घोडदौड पुष्कळदा पाहिली, आणि इतिहासाच्या वाचकाला खोडच असते त्याप्रमाणे ह्या घोड्यांची वंशावळ शोधू लागलो. ती हाती आली तेव्हा ध्यानात आले की, हा केवळ करमणुकीचा मामला नाही. एका जिवंत जनावराचा जीव हळूहळू कसा काढून घेतला गेला, त्याची ही कथा आहे.

आरंभ १९९७ च्या सप्टेंबरात निघालेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' ह्या खेळापासून करू. येथला घोडा पुष्कळ अंशी घोडा होता. तो तबेल्यात विकत मिळे किंवा रानातून पकडून माणसाळवता येई. त्याला खायला घालावे लागे. हयगय केली तर त्याची निष्ठा उणावत जाई आणि एक दिवस तो धन्याला सोडून पुन्हा रानटी होई. फार दौडवला तर तो थकून उभा राही आणि स्वाराला पडद्यावर तसा निरोप मिळे. मुक्कामाला आल्यावर त्याला पागेत बांधायचा, तर पागेवाल्याला पैसे मोजावे लागत. शत्रूने घोडा मारला तर मारला! पुढे ह्या खेळात जनावराशी जिव्हाळा जोडण्याची सोय झाली. आपल्या हाताने खाऊ घातल्यानंतर सात दिवस गेले म्हणजे ते जनावर धन्याशी बांधले जाई. मग ते मेले तरी त्याचे भूत धन्याच्या मागोमाग चालत राही, आणि पशुवैद्यक जाणणारा कोणी भेटला तर त्याला पुन्हा जिवंत करी. मेलेल्या घोड्याच्या भुताला बरोबर घेऊन वैद्य शोधत हिंडणारा स्वार डोळ्यांपुढे आणला की हसू येते. पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

ह्याच खेळातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. एका हलत्या प्राण्यावर दुसरा हलता प्राणी बसवणे, ही गोष्ट त्या खेळाच्या आतल्या यंत्रणेत बसणारी नव्हती. तेव्हा कर्त्यांनी युक्ती काढली. स्वाराने रिकीब भरली की खरा घोडा पडद्याआड ठेवून द्यायचा आणि घोड्याच्या आकाराची एक वस्तू स्वाराच्या अंगावर चढवायची. आपण पायजमा चढवतो तशी! म्हणजे हा स्वार घोड्यावर बसत नसून घोडा नेसत होता. परदेशी लोकांना ह्याचे मोठे नवल वाटते. आपल्याला वाटू नये. गोव्यात सत्तरी-डिचोली भागात शिगम्याला घोडेमोडणी होते. नाचणारा गडी कमरेभोवती सजवलेला लाकडी घोडा बांधतो, एका हाती लगाम धरतो, दुसऱ्या हाती तलवार परजतो आणि ढोल-ताशाच्या ठेक्यावर नाचतो. धावतात ते पाय त्याचेच असतात, पण पाहणाऱ्याला घोडेस्वारच दिसतो. अमेरिकेतल्या संगणकवाल्यांनी अडचणीत सापडून जी युक्ती काढली, ती आमच्या शिगम्यातल्या गड्यांच्या अंगवळणी कधीचीच पडलेली होती.

१९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' नावाचा दुसरा मोठा खेळ निघाला. प्रारंभी त्यात घोडा नव्हताच. भराभर चालायचे तर 'लांडग्याचा आत्मा' अशा अर्थाच्या नावाचा एक मंत्र अंगावर घालून घ्यावा लागे, आणि तो जाणणाऱ्यांपाशी वाटसरूंची सारखी विनवणी चाले. २००१ च्या डिसेंबरात खेळाचा नवा भाग आला आणि त्याबरोबर घोडे आले. पण हे घोडे तबेल्यातले नव्हेत. बाजारात लगाम विकत घ्यायचा आणि तो पिशवीत टाकायचा. लगाम वापरला की घोडा हजर, खाली उतरले की घोडा नाहीसा. घोड्याला लगाम असतो हे आपण ऐकून होतो. येथे लगामालाच घोडा होता! आणखी एक चमत्कार असा की, ह्या खेळात मांत्रिकाची खर्च झालेली शक्ती तो खाली बसून ध्यान करी तेव्हाच वेगाने भरून येत असे. घोड्यावर असणे हे यंत्रणेच्या लेखी 'बसणे'च ठरले. त्यामुळे घोडा बाळगणारे सधन मांत्रिक दौडता दौडता ध्यानस्थ होऊ लागले. आमच्या ऋषिमुनींना इतकी सोय लाभली नव्हती.

ह्या दुसऱ्या घोड्याला भूक नव्हती, थकवा नव्हता आणि मरणही नव्हते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वर्षे अवघी चार. पण घोडा प्राणी होता तो वस्तू झाला.

जपानी लोकांनी मात्र वेगळी वाट धरली. २००२ च्या मे महिन्यात तेथे 'फायनल फँटसी'चा अकरावा भाग निघाला. ह्या मालिकेत घोड्याच्या जागी चोकोबो नावाचा शहामृगासारखा मोठा पक्षी १९८८ पासून चालत आलेला होता. नव्या खेळात ह्या पक्ष्यावर बसायचे तर आधी परवाना हवा, आणि परवाना पैसे टाकून मिळत नसे. विसाव्या पायरीला पोहोचल्यावर एका शहरातल्या तबेल्यात जायचे. तेथे जखमी झालेला एक चोकोबो असे. त्याला विशिष्ट गवत आणून चारायचे. पहिल्याने तो तोंडही लावत नसे. मग थांबायचे, पुन्हा यायचे, पुन्हा चारायचे. आणि हे थांबणे घड्याळातल्या खऱ्या वेळेचे. अशा कित्येक खेपा झाल्या म्हणजे त्या पाखराचा विश्वास बसे आणि परवाना हाती पडे. त्यानंतरही पक्षी मिळे तो भाड्याने, ठरावीक वेळेपुरता. गिऱ्हाईक वाढले की भाडेही चढे. स्वार उतरला की पक्षी आपल्या वाटेने पळून जाई. ह्या जनावरावर कोणाचीच मालकी नव्हती, पण पहिली ओळख गवताच्या काडीने झालेली होती. ही रीत मला फार आवडली.

आता सर्वांत गाजलेल्या खेळाकडे वळू. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत सुरू झाला. येथे प्रत्येक जमातीला आपले वाहन दिलेले होते. माणसांना घोडे, बुटक्यांना एडके, ऑर्कांना लांडगे, प्रेतयोनीतल्यांना हाडांचे सापळे असलेले घोडे, आणि नोम नावाच्या चिमुकल्या कारागिरांना दोन पायांवर ठुमकत चालणारे यंत्र. टॉरेन ही बैलमुखी, धिप्पाड जमात. तिला आधी वाहन द्यायचेच नाही असे ठरले होते. ती आपल्या पायांनीच हळूहळू वेग घेत धावे. खेळ लोकांपुढे येण्याआधीच हा बेत रहित झाला आणि तिला कोडो नावाचे गेंड्यासारखे अजस्र जनावर मिळाले. दुसऱ्या जमातीचे जनावर हवे असेल तर त्या जमातीत पराकोटीची पत मिळवावी लागे.

आरंभी चाळिसावी पायरी गाठल्याशिवाय वाहन नाही, असा दंडक होता. त्याला लागणारे सोने जमवता जमवता खेळणारा मेटाकुटीला येई. पुष्कळांनी तोवर सारा मुलूख पायी तुडवलेला असे. म्हणूनच पहिल्या घोड्यावर बसण्याचा दिवस लोकांच्या लक्षात राहिला. पुढे २००८ साली ही अट तिसाव्या पायरीवर आणि २००९ साली विसाव्यावर आली. सोय झाली हे खरे. पण जी वस्तू लवकर मिळते तिची आठवण कोणी सांगत बसत नाही, हेही तितकेच खरे.

वाहनांच्या ह्या भाऊगर्दीत एक मौज होती. जनावर कोणतेही घ्या, पहिल्या प्रतीच्या साऱ्यांचा वेग सारखाच, पायी चालण्यापेक्षा शेकडा ६० अधिक. एडका असो, वाघ असो की यंत्र असो, त्यात तसूभर फरक नाही. साठाव्या पायरीवर मिळणाऱ्या दुसऱ्या प्रतीचा वेग शेकडा १०० अधिक. भीमथडीचे तट्टू आणि अरबी घोडा ह्यांत भेद करणाऱ्या आमच्या पूर्वजांनी ह्यावर काय म्हटले असते कोण जाणे! अपवाद एकच, तो कासवाचा. खेळाच्या नावाने २००६ साली निघालेल्या पत्त्यांच्या जोडात एखादे भाग्याचे पान निघाले तर त्याबद्दल स्वारीचे कासव मिळे. त्यावर बसल्याने वेगात काडीचीही भर पडत नसे. तरी लोक ते मोठ्या हौसेने मिरवीत. वाहन हे पोहोचण्यासाठी असते तसे दिसण्यासाठीही असते, हे लग्नातल्या नवरदेवाचा घोडा पाहिलेल्यांना सांगायला नको.

ह्या खेळातले नियमही चमत्कारिक होते. घरात शिरले की स्वार पायउतार. पूर्वी खोल पाण्यात गेले तरी तेच. म्हणजे घोडे गंगेत न्हाण्याचा योग नाहीच. पाठीमागून एखाद्या श्वापदाचा तडाखा बसला तर भोवळ येऊन स्वार जमिनीवर, आणि घोडा मात्र हवेत विरून गेलेला. तो कोठे जातो, असे मी नातीला विचारले. "पिशवीत," ती म्हणाली. ते अक्षरशः खरे होते. २००८ च्या ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक वाहन पिशवीतला एकेक कप्पा अडवून बसे. चार वाहनांच्या धन्याला औषधाच्या कुप्या आणि लुटीचा माल ठेवायला जागा पुरत नसे. त्यानंतर वाहनांची एक यादीच करण्यात आली. लगाम पिशवीतून गेला आणि घोडा ही एक नोंद झाली. आपल्याकडे नाचवतात त्या कागदी घोड्यांचेच हे सख्खे भाऊ!

परंतु ह्याच खेळात एक घोडा असा आहे की जो कथेत खरोखर मेलेला आहे. त्याचे नाव 'इन्व्हिन्सिबल', म्हणजे अजिंक्य. आर्थस नावाच्या राजपुत्राचा तो लाडका घोडा. एकदा हिवाळ्यात बर्फावर उडी घेताना घोडा कोसळला आणि त्याचे पुढचे पाय मोडले. त्याला वाचवणे शक्य नव्हते, तेव्हा राजपुत्राने स्वतःच्या हाताने त्याला यातनांतून सोडवले. पुढे हा राजपुत्र दुष्टशक्तीला बळी पडून मृतांचा राजा झाला आणि त्याने थडग्यातून तोच घोडा पुन्हा उठवला. २०१० सालापासून त्या राजाला अतिशय बिकट लढाईत हरवले, तर क्वचित हा घोडा हाती लागे. तो मिळावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे दर आठवड्याला तीच लढाई लढली. शेकड्यांनी घोडे उपलब्ध असताना ह्याचीच ओढ का? मला वाटते, त्याच्या पाठीमागे एक मरण आहे म्हणून. जो गमावला जाऊ शकतो तोच घोडा माणसाला आपलासा वाटतो.

२००७ च्या जानेवारीत ह्या घोड्यांना पंख फुटले. उडणारी वाहने आली. पण ती एका नव्या मुलखापुरती. त्यांतले वेगवान वाहन चालवायची विद्या शिकायला ५,००० मोहरांचा खर्च होता, आणि त्या काळी ती रक्कम डोळे पांढरे करणारी होती. जुन्या मुलखात उडायला बंदी होती. कारण मोठे गमतीचे होते. तो मुलूख वरून कोणी पाहील, हे कर्त्यांनी धरलेच नव्हते! डोंगरांच्या पलीकडे काही नव्हते, आणि कित्येक ठिकाणी दर्शनी भागामागे नाटकातल्या पडद्यासारखा रिकामा अवकाश होता. २०१० च्या डिसेंबरात तेथे उडण्याची मुभा मिळाली, ती सारा मुलूख नव्याने रचून घेतल्यावर. घोड्यासाठी रस्ते बांधलेले आपण ऐकले आहेत. येथे घोड्यासाठी पृथ्वीच पुन्हा घडवावी लागली.

पण पंखांची सवय वाईट. उडणाऱ्याला खालची वाट दिसत नाही, दरोडेखोर भेटत नाहीत आणि सोबतीचीही गरज उरत नाही. २०१४ साली आलेल्या भागात कर्त्यांनी उड्डाण बंद ठेवले, तेव्हा खेळणाऱ्यांत मोठी खळबळ उडाली. अखेर २०१५ च्या उन्हाळ्यात तोड निघाली. आधी सारा मुलूख जमिनीवरून पाहावा, तेथली कामे पुरी करावी आणि मग उडावे. आपल्या तीर्थयात्रांचे शहाणपण ह्याहून फारसे निराळे नाही.

दाण्याची गोष्ट मात्र पुन्हा एकदा वर आली. २०१४ साली 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' सुरू झाला, तेव्हा घोड्याला दर वीस तासांनी एकदा चारता येई. गवत, ओट किंवा सफरचंद, ह्यांतले जे चारावे तसा गुण वाढे. कशाने वेग, कशाने दम, कशाने ओझे वाहण्याची ताकद. लोकांना तेवढे ओझेही नकोसे झाले की काय नकळे, पण पुढे हा चारा बंद झाला. त्याऐवजी स्वारानेच दर वीस तासांनी फी भरून धडा घ्यायचा, असे ठरले. वेग, दम आणि ओझे ह्यांचे प्रत्येकी साठ, मिळून १८० धडे. म्हणजे घोड्याचा तोबरा गेला आणि स्वाराच्या मागे शिकवणी लागली. शिकलेला स्वार कोणत्याही घोड्यावर बसला तरी तो घोडा तितकाच चपळ. घोड्यापाशी स्वतःचे असे शेवटी काहीच उरले नाही.

येथवर सारा खेळच आहे. पण घोडे पेंड खाते ते पुढेच. १५ एप्रिल २०१० रोजी 'वॉरक्राफ्ट'च्या कंपनीने ताऱ्यांचा बनल्यासारखा दिसणारा एक पंखांचा घोडा खऱ्या पैशाने विकायला काढला. किंमत २५ डॉलर. विकत घेणाऱ्यांची एवढी रीघ लागली की पैसे भरूनही तासन् तास थांबावे लागले. त्या क्षणी घोडा खेळातल्या कष्टाचे फळ राहिला नाही. तो दुकानातला माल झाला. २०१७ च्या नोव्हेंबरात 'गिल्ड वॉर्स २' ह्या खेळाने ह्याच्याही पुढची मजल मारली. वाहनांच्या तीस निरनिराळ्या रूपांपैकी कोणते मिळणार हे आधी न सांगता चिठ्ठी विकायची, अशी सोडत निघाली. लोक चिडले आणि त्यांनी ते बोलून दाखवले.

अशाच एका संध्याकाळी वाढदिवसाच्या पैशांतून एक वाहन घेऊन झाल्यावर नातीने मला विचारले, "आजोबा, हा आता माझाच ना?" मी तिला बारगीर आणि शिलेदार ह्यांतला फरक सांगितला. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर शिलेदाराचे पोटच मेले. म्हणून तो लढाईत घोड्याला जपे, असे इतिहासकार सांगतात. बारगीर त्या चिंतेतून मोकळा होता. पण चाकरी सुटली की घोडा पागेत जमा. ह्या खेळांच्या करारनाम्यांत बारीक अक्षरांत जे लिहिलेले असते, त्याचा मथितार्थ हाच आहे. तुम्ही पैसे मोजता ते घोड्याचे नव्हे, घोड्यावर बसू देण्याच्या परवानगीचे. शिलेदाराची किंमत मोजून बारगिरी करायची, असा हा व्यवहार आहे.

हे काही मी नातीला घाबरवण्यासाठी बोललो नाही. त्याला दाखला आहे. २००३ च्या जूनमध्ये 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' नावाचा खेळ सुरू झाला. पहिल्या दिवसांत त्यात वाहन नव्हतेच; ती सोय मागाहून आली. त्यात जनावरे पकडून, माणसाळवून, वाढवणाऱ्यांचा एक खास व्यवसाय होता, आणि त्यांतली काही जनावरे स्वारीलाही तयार करता येत. माणसांनी महिनोन् महिने खपून ही विद्या साधली. २००५ च्या नोव्हेंबरात कंपनीने खेळाची सारी घडीच मोडली. तिसाहून अधिक व्यवसाय होते त्यांचे नऊ केले, आणि जनावरे पाळणाऱ्यांचा व्यवसाय त्यात गेला. १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळच कायमचा बंद झाला. तबेले, जनावरे, त्यांना दिलेली नावे, सारे त्या दिवशी मालवले. तेथे कोणाचे भूतही धन्यामागे चालत आले नाही.

नात थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मी त्याला नाव दिलंय." ह्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि ते सुचायला हवे होते असेही मला वाटत नाही. बारगिरानेसुद्धा सरकारी घोड्याच्या मानेवरून हात फिरवलाच असेल. दप्तरात त्याचा खर्च लिहिला गेला. माया लिहिण्याचा रकाना त्यात नव्हता. कर्त्यांनी घोड्याची भूक काढली, थकवा काढला, मरण काढले आणि शेवटी मालकीही काढली. तरी खेळणारे त्याला नाव देतात, त्याच्यासाठी गवत शोधतात आणि मेलेल्या घोड्यासाठी वर्षानुवर्षे लढतात. दाण्याचा खर्च आता उरलेला नाही. तो वाचला म्हणून दाणा घालणाऱ्याची सवय मात्र गेलेली दिसत नाही.